बेरियमची वाट : पचनमार्गाची शरीररचना आणि तिची क्ष-किरण तपासणी

दृश्य : परळमधील एका महापालिका रुग्णालयाचा क्ष-किरण विभाग. सकाळची वेळ. फ्लुओरोस्कोपीच्या, म्हणजे क्ष-किरणांनी पडद्यावर हलते चित्र पाहण्याच्या, खोलीबाहेर बाकांवर उपाशीपोटी बसलेले रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक.

निवेदन :

साध्या क्ष-किरण चित्रात बरगड्या, मणके आणि फुप्फुसांतील हवा स्पष्ट दिसते, पण पचनमार्गात साठलेल्या थोड्याफार वायूची जागा सोडली तर पचनमार्गाचा मागमूसही लागत नाही. जठराची भिंत, शेजारचे यकृत, मागचे स्वादुपिंड आणि पाठीचे स्नायू हे सारे क्ष-किरणांना जवळजवळ सारखेच अडवतात आणि त्यामुळे एकाची कड दुसऱ्यापासून वेगळी काढता येत नाही. ती कड उमटवायची असेल तर या नळीच्या पोकळीत असे काहीतरी भरावे लागते, जे किरणांना भिंतीपेक्षा खूप जास्त अडवेल किंवा खूपच कमी. पहिले काम बेरियम सल्फेट करते, तर दुसरे हवा किंवा कार्बन डायऑक्साइड. मऊ ऊतींचा सरासरी अणुअंक सात-साडेसातच्या आसपास असतो, बेरियमचा 56 आणि आयोडीनचा 53. ही सारी तपासणी या तफावतीवर उभी आहे.

म्हणून क्ष-किरण तंत्रज्ञाचे शिक्षण घेणाऱ्या प्रत्येकाने पडद्याकडे पाहताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. समोर जो पांढरा आकार दिसतो तो जठराच्या पोकळीत भरलेल्या द्रवाचा आकार असतो. द्रव जिथे पोचला तेवढाच भाग उमटतो आणि तो कुठे पोचणार हे गुरुत्वाकर्षण आणि रुग्णाची स्थिती ठरवते. रुग्णाला उताणे झोपवले, पालथे केले किंवा कुशीवर वळवले की तोच अवयव निराळा दिसतो, आणि यातला कोणता भाग दाखवायचा याचा निर्णय तपासणीच्या टेबलाशी उभ्या असलेल्या माणसाच्या हातात असतो.

रॉन्टगेन यांना 1895 च्या नोव्हेंबरमध्ये क्ष-किरणांचा शोध लागला आणि पुढच्याच वर्षाच्या अखेरीस हार्वर्डमध्ये वैद्यकाचे शिक्षण घेणारे वॉल्टर कॅनन या किरणांच्या साहाय्याने प्राण्यांचे गिळणे पाहू लागले. पुढे मांजरांना बिस्मथ मिसळलेले अन्न देऊन त्यांनी जठराच्या लाटा प्रत्यक्ष पाहिल्या आणि 1898 मध्ये ती निरीक्षणे प्रसिद्ध केली. मांजर घाबरले किंवा चिडले की जठराच्या लाटा थांबत आणि ते शांत झाले की पुन्हा सुरू होत, असे त्यांना दिसले होते. बिस्मथ सबनायट्रेटमुळे पुढे काही रुग्णांना विषबाधा झाली आणि 1910 च्या सुमारास बेरियम सल्फेट वापरात आले. पाण्यात विरघळणारे बेरियमचे क्षार विषारी असतात. सल्फेट मात्र पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, रक्तात शोषले जात नाही आणि आले तसे शौचावाटे बाहेर पडते. या कामाला औषधी दर्जाचे शुद्ध बेरियम सल्फेटच लागते, ते याच कारणाने.

दृश्य : तंत्रज्ञ एका वृद्ध रुग्ण महिलेशी बोलत आहे. हातात तपासणीचा कागद.

निवेदन :

विरार, कर्जत, कसाऱ्याहून पहिली लोकल पकडून आलेल्या रुग्णाला पहिला प्रश्न उपवासाचा विचारावा आणि तो नेमका विचारावा. ‘काही खाल्लं नाही ना?’ या प्रश्नाला पुष्कळदा ‘नाही, फक्त चहा घेतला’ असे उत्तर येते, कारण आपल्याकडे चहाला कोणी खाण्यात धरत नाही. तंबाखू, सिगारेट, च्युइंगगम यांची चौकशी वेगळी करावी आणि वयस्कर बायकांना ‘सकाळी मिश्री लावली का?’ हेही आवर्जून विचारावे. तंबाखू आणि चघळणे यांमुळे लाळ सुटते, जठररस वाढतो आणि मग बेरियम भिंतीला नीट चिकटत नाही. मधुमेही रुग्णाला रांगेत पुढे घ्यावे. गर्भधारणेच्या वयातील स्त्रीला शेवटच्या पाळीची तारीख विचारावी, पण दाराबाहेर सर्वांसमोर नको, आत बोलावून विचारावी.

अन्ननलिका सहाव्या मानेच्या मणक्याच्या पातळीवर सुरू होते, सुमारे 25 सेंटिमीटर खाली उतरते, दहाव्या छातीच्या मणक्याशी मध्यपटलातून जाते आणि अकराव्या मणक्याजवळ जठराला मिळते. वाटेत तिच्यावर महाधमनीची कमान, डावी मुख्य श्वासनलिका आणि हृदयाचा डावा कर्णिका-कप्पा यांचे ठसे उमटतात. हे ठसे निरोगी माणसातही दिसतात, म्हणून ते आधी ओळखीचे झाले पाहिजेत. इकोकार्डिओग्राफी, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, रुळण्यापूर्वी, संधिवातज्वरानंतर हृदयाची मायट्रल झडप आकुंचित झालेल्या रुग्णांत डावी कर्णिका किती फुगली आहे याचा अंदाज अन्ननलिका किती मागे ढकलली गेली यावरून घेत असत. शरीररचनेतले शेजारसंबंध माहीत असले की एका अवयवाच्या चित्रावरून दुसऱ्या अवयवाचे दुखणे कळते, ते असे.

समोरून घेतलेल्या चित्रात अन्ननलिका मणक्यांवर पडते आणि हरवते. म्हणून रुग्णाला पालथे झोपवून, उजवी बाजू टेबलाला टेकवून आणि डावी बाजू 35 ते 40 अंश उचलून तिरपे करतात. मग अन्ननलिका मणके आणि हृदय यांच्यामधल्या जागेत मोकळी दिसते. कोन कमी पडला की ती मणक्यांच्या सावलीत जाते. इथे सूचना अगदी साध्या शब्दांत द्याव्यात : ‘आजी, एक मोठा घोट तोंडात घ्या, पण गिळू नका हं. मी गिळा म्हटलं की मगच गिळा.’ घशातून घोट साधारण एका सेकंदात उतरतो. त्यामुळे शब्द आणि एक्स्पोजर यांचा मेळ बसला नाही तर हाती रिकामी अन्ननलिका येते. खालचे झडपद्वार सैल पडत नाही तेव्हा वरची नळी फुगते आणि तिचे टोक पक्ष्याच्या चोचीसारखे गुळगुळीत निमुळते होते, त्याला अकॅलेशिया म्हणतात. निमुळता भाग खडबडीत आणि वेडावाकडा असेल व त्याच्या वर अचानक खांद्यासारखा उभार दिसत असेल, तर कर्करोगाची शंका घेतात. तंबाखू आणि सुपारी यांचा या रोगाशी असलेला संबंध ठाऊक असल्याने गिळताना घास अडकतो अशी तक्रार घेऊन आलेल्या रुग्णाची ही चित्रे घाईने उरकू नयेत.

दृश्य : जठराची आकृती, शेजारी त्याच रुग्णाची उताण्या आणि पालथ्या स्थितीतील चित्रे.

निवेदन :

जठर पोटात एका पातळीवर सपाट पसरलेले नसते. त्याचा वरचा घुमट, म्हणजे फंडस, पाठीकडे असतो, तर मधला भाग आणि पायलोरस, म्हणजे जठराचे खालचे दार, पुढे येतात. म्हणून उताण्या रुग्णात बेरियम फंडसमध्ये साठते आणि हवा पुढच्या भागात येते. पालथे करताच हे उलटते. बेरियम पायलोरसकडे धावते आणि हवा फंडसमध्ये जाते. उभ्या स्थितीत डाव्या मध्यपटलाखाली हवेचा बुडबुडा आणि त्याखाली बेरियमची आडवी पातळी दिसते. डाव्या पाठीवर तिरपे झोपवून उजवी बाजू उचलली की पायलोरस आणि ड्युओडेनमच्या, म्हणजे लहान आतड्याच्या पहिल्या भागाच्या, टोपीत हवा शिरते आणि बेरियमच्या पातळ लेपावर तिथले लहानसे व्रणही उठून दिसतात. वायू निर्माण करणारी पावडर आणि दाट पण वाहते बेरियम यांवर आधारलेली ही दुहेरी पद्धत जपानमध्ये जठराचा कर्करोग लवकर ओळखण्यासाठी मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. पावडर दिल्यावर रुग्णाला ढेकर येणारच. ‘ढेकर आली तरी दाबून धरा’ हे वाक्य अगोदर सांगितले नाही, तर वायू बाहेर जातो आणि जठराच्या घड्या पुन्हा एकमेकींना चिकटतात.

प्रत्येक शरीरात जठर एकाच जागी सापडत नाही. आडव्या, धिप्पाड बांध्याच्या माणसात ते उंचावर आणि जवळजवळ आडवे असते. सडपातळ, उंच माणसात ते खाली, कमरेपर्यंत लोंबते. म्हणून पालथ्या तिरप्या स्थितीत एकाला 70 अंशांपर्यंत वळवावे लागते, तर दुसऱ्याला 40 अंश पुरतात. पुस्तकातला आकडा पाठ करून त्यावर विसंबण्यापेक्षा टेबलावरच्या माणसाची छाती आणि पोट आधी डोळ्यांनी जोखावे, हा आमचा आग्रह आहे. बेरियमसाठी साधारण 110 ते 125 किलोव्होल्ट, दुहेरी पद्धतीसाठी 90 ते 100 आणि आयोडीनयुक्त द्रवासाठी 80 ते 90 किलोव्होल्ट वापरतात. जठर सतत हलत असल्याने एक्स्पोजरचा काळ शक्य तितका कमी ठेवावा. लाटा थोपवायच्या असतील तर डॉक्टर हायोसिनचे इंजेक्शन देतात, पण काचबिंदू असलेल्या रुग्णाची चौकशी त्याआधी झाली पाहिजे. कॅनन यांनी मांजरांत पाहिलेली गोष्ट इथेही लागू पडते : अंधाऱ्या खोलीत कडाक्याच्या थंडगार टेबलावर भेदरलेल्या माणसाचे जठर मंद चालते, आणि त्याला पुढे काय होणार हे आधी सांगितले तर तपासणी लवकर आटोपते.

ड्युओडेनम सुमारे 25 सेंटिमीटरचे, स्वादुपिंडाच्या डोक्याला वळसा घालणारे. त्यानंतर जेजुनम, मग इलियम. जेजुनमच्या आतल्या घड्या दाट असल्याने बेरियम तिथे बारीक रेघांनी चिरल्यासारखे दिसते. इलियम अधिक गुळगुळीत दिसते. बेरियम प्यायल्यावर पहिले चित्र 15 ते 30 मिनिटांनी आणि मग ठरावीक अंतराने घेतात. बेरियम मोठ्या आतड्याच्या तोंडाशी पोचायला साधारण दोन-तीन तास लागतात. रुग्णाला पालथे झोपवतात, कारण पोट दाबले गेल्याने आतड्याची वेटोळी एकमेकांपासून सुटी होतात.

या तपासणीत सर्वांत जास्त वेळ उजव्या खालच्या कोपऱ्यात घालवावा. लहान आतडे जिथे सीकमला, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या पिशवीला, मिळते, त्या जागेला आतड्याचा क्षयरोग विशेष ग्रासतो, आणि क्षयरोग आपल्या शहरात आजही घरोघरी ठाऊक असलेला आजार आहे. रोगाने ग्रासलेला सीकम आक्रसतो, शंकूसारखा होतो आणि वर ओढला जातो. इलियमचे टोक अरुंद होते आणि दोघांमधला कोन विस्फारतो. सुजलेला भाग बेरियमला थारा देत नाही, ते झपाट्याने पुढे सरकते. म्हणून वरचे आणि पुढचे आतडे भरलेले, पण मधला तुकडा रिकामा असे चित्र दिसते आणि नवखा विद्यार्थी त्याला अपुरे भरलेले चित्र समजून पुढे जातो. इथे थांबावे, डॉक्टरांना बोलवावे, दाब देऊन आणि रुग्ण फिरवून जवळची चित्रे घ्यावीत. क्रोन्सचा आजार, म्हणजे आतड्याचा दीर्घकाळ चालणारा दाह, याच जागी जवळजवळ तसाच दिसतो; दोघांना वेगळे करणे चित्रापुढचे, तुकडा तपासणीचे काम आहे.

दृश्य : बेरियम एनिमाची, म्हणजे गुदद्वारातून बेरियम सोडण्याची, पिशवी स्टँडला लावलेली, टेबलापासून तिची उंची मोजणारा हात.

निवेदन :

सुमारे दीड मीटर लांबीचे मोठे आतडे चौकटीसारखे पोटाला वेढते. चढता आणि उतरता भाग पाठीला चिकटून असतात, आडवा भाग आणि सिग्मॉइड, म्हणजे शेवटाकडचा वळणदार भाग, पुढे असतात. म्हणून उताण्या रुग्णात हवा आडव्या भागात जाते आणि पालथे केल्यावर तिथे बेरियम येते. पिशवी टेबलापासून 60 सेंटिमीटरहून उंच टांगू नये, कारण दाब वाढला की आतड्याला इजा होऊ शकते. नळी घालताना रुग्ण डाव्या कुशीवर असतो, अंग झाकलेले असते आणि प्रत्येक हालचाल आधी सांगून केली जाते. आज या तपासणीची बरीच जागा कोलोनोस्कोपी आणि सीटी यांनी घेतली आहे.

पचनमार्गाला भोक पडल्याची शंका असेल तर बेरियम देत नाहीत. पोटाच्या पोकळीत गेलेले बेरियम शोषले जात नाही आणि गंभीर दाह निर्माण करते. तिथे पाण्यात विरघळणारा आयोडीनयुक्त द्रव वापरतात. अन्ननलिकेच्या शस्त्रक्रियेनंतर टाक्यांतून गळती होते का, हे पाहतानाही तोच. परंतु ज्या रुग्णाचे घोट श्वासनलिकेत जाण्याचा धोका आहे त्याला दाट परासरणी (आजूबाजूचे पाणी ओढून घेणारा) आयोडीनयुक्त द्रव, उदाहरणार्थ गॅस्ट्रोग्राफिन, देऊ नये, कारण तो फुप्फुसात पाणी खेचून घेतो. एकीकडे जो द्रव सुरक्षित तो दुसरीकडे घातक ठरतो, म्हणून डॉक्टरांच्या कागदावर शंका कोणत्या आजाराची लिहिली आहे, हे वाचल्याशिवाय पेला भरू नये. मोठ्या आतड्यात अडथळा असल्याचा संशय असतानाही तोंडावाटे बेरियम टाळतात.

फ्लुओरोस्कोपीत किरण सतत चालू राहतात, म्हणून पेडलवरचा पाय गरजेपुरताच दाबावा. अंगावर पडलेल्या किरणांची मात्रा मोजणारा छातीवरचा टीएलडी बॅज शिशाच्या एप्रनच्या आत लावतात. आपल्याच शहरात अणुशक्तीनगरला मुख्यालय असलेल्या अणुऊर्जा नियामक मंडळाने व्यावसायिक कामगारासाठी लागोपाठच्या पाच वर्षांची सरासरी वर्षाला 20 मिलिसीव्हर्ट (किरणमात्रेचे एकक) आणि कोणत्याही एका वर्षात कमाल 30 मिलिसीव्हर्ट अशी मर्यादा घातली आहे. रुग्णाला धरून ठेवायचे असेल तर शक्यतो नातेवाइकाला एप्रन देऊन उभे करावे, दररोज तेच काम करणाऱ्याने स्वतः पुढे होऊ नये.

तपासणी संपल्यावर रुग्णाला सांगावे की दोन-तीन दिवस शौच पांढरट होईल, घाबरायचे कारण नाही, पाणी भरपूर प्यावे, नाहीतर बेरियम आतड्यात घट्ट होऊन बद्धकोष्ठ होते. हे तोंडी तर सांगावेच, शिवाय चिठ्ठीवर मराठीत किंवा हिंदीत लिहून द्यावे, कारण दिवसभराच्या उपवासाने थकलेला माणूस गाडीत बसेपर्यंत ऐकलेले निम्मे विसरतो. आणि चित्र पुढे पाठवण्यापूर्वी उजव्या-डाव्याची खूण, उभी, उताणी की कुशीवरची स्थिती आणि बेरियम दिल्यापासूनचा वेळ ही तिन्ही प्रत्येक फिल्मवर आहेत ना, हे तपासावे. उजव्या कुशीवर घेतलेल्या फिल्मवर खूण नसेल, तर हवा कोणत्या बाजूला चढली आहे याचा अंदाज रेडिओलॉजिस्टला बांधता येत नाही आणि तपासणी पुन्हा करावी लागते, म्हणजे त्याच रुग्णाला उपवास, प्रवास आणि किरणांचा मारा दुसऱ्यांदा सोसावा लागतो.