फूचुनच्या काठाकाठानं

ही एका जुन्या चिनी निसर्गचित्राची गुंडाळी, उजवीकडून उलगडायची. एका वेळी हातभर, जास्त नाही. पुढचा डोंगर उघडला की मागचा मिटतो. घाई केली तर हाती काहीच लागत नाही, काठाकाठानं चालत गेल्यासारखं बघावं लागतं.

चीनमध्ये निसर्गचित्राला शब्दच आहे ‘शानश्वी’, म्हणजे डोंगर आणि पाणी. या चित्रातला डोंगर चीनमधल्या हांगझोऊ शहराच्या नैऋत्येला, फूचुन नदीच्या काठचा. चितारणारा ह्वांग गोंगवांग, जन्म 1269चा. सरकारी कारकुनी करायचा. वरिष्ठाच्या भ्रष्टाचार प्रकरणात तोही गोवला गेला आणि तुरुंगात पडला. सुटल्यावर त्यानं पुन्हा दरबाराची पायरी चढायची नाही असं ठरवलं, ताओ पंथाची दीक्षा घेतली, भविष्य सांगून पोट भरलं. चित्रात दिसणारी शांतता अशी कमावलेली आहे. म्हणूनच ती मला खरी वाटते.

1347 साली, ऐंशीच्या उंबरठ्यावर असताना, वूयोंग नावाच्या गुरुबंधूसाठी त्यानं हे काम हाती घेतलं. मनात आलं की थोडं रंगवायचं, मग गुंडाळी डोंगरातच ठेवून भटकायला निघायचं. तीन-चार वर्षं अशीच गेली.

आता जरा जवळून बघा. डोंगराच्या उतारावर लांब, सैल रेघा आहेत, तागाचे धागे पसरून ठेवावेत तशा. आधी फिकी, ओली शाई. ती सुकत आली की वर जवळजवळ कोरडा कुंचला. रेघ मध्येच तुटते आणि तिथं कागद दिसतो. नदी तर रंगवलेलीच नाही. कोरा कागद तसाच सोडलाय, त्यावर मधूनच एखादी होडी आणि होडीत मासेमारी करणारा माणूस. तेवढ्यानं सगळा कागद पाणी होतो.

या चित्रावर जीव जडलेल्या वू होंगयू नावाच्या मालकानं 1650 मध्ये मरताना ते जाळायला सांगितलं. चित्र सोबत न्यायचं होतं त्याला. पुतण्यानं आगीत दुसरी गुंडाळी टाकून हे ओढून काढलं, पण तोवर त्याचे दोन तुकडे झाले होते. सुरुवातीचा, जेमतेम अर्ध्या मीटरचा तुकडा आज हांगझोऊला आहे आणि सहा मीटरहून लांब उरलेला भाग तैवानमधल्या तैपेईला. 2011 साली तैपेईत ते पुन्हा शेजारी शेजारी मांडले गेले.

आपण आता डाव्या टोकाशी आलोय. डोंगर विरळ होत गेलेत. एक उंच, निमुळता सुळका आहे, त्यापलीकडे दूरवर पुसटशा टेकड्या. मग ह्वांगच्या हातचा मजकूर. वूयोंगला धास्ती होती, कुणी हे चित्र लबाडीनं किंवा दांडगाईनं लाटेल. म्हणून काम संपायच्या आधीच त्यानं म्हाताऱ्याकडून शेवटी चार ओळी लिहून घेतल्या: हे पुरं करणं किती अवघड होतं, ते पुढच्यांना कळावं.