अप्पर, डिपर आणि आरशामागचा कॅमेरा

नमस्कार श्रोतेहो.

रात्री इंदूरच्या बायपासवरून राऊहून मांगलियाकडे निघालेल्या कुणालाही विचारा, गाडी चालवताना सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो? ट्रक, जनावरं, खोदकाम यांची नावं नंतर येतील. आधी येईल तो समोरच्याचा अप्पर. तक्रार जुनीच आहे, पण हल्ली तिच्यात एक नवा वैताग मिसळला आहे. आपण डिपर मारून समोरच्याला विनंती करतो, पुन्हा मारतो, तरी तो दिवे खाली घेत नाही. पुढे एखाद्या ढाब्यावर तीच गाडी भेटली आणि आपण विचारलंच, तर उत्तर मिळतं, “मी हातच लावत नाही हो, गाडी आपोआप करते.” आणि तो खरं बोलत असतो. आज मला या ‘आपोआप’बद्दलच बोलायचं आहे.

आता मधल्या किमतीच्या गाड्यांतसुद्धा ऑटो हाय बीम ही सोय मिळते. आतल्या आरशामागे, पुढच्या काचेला लागून एक लहानसा कॅमेरा असतो. गाडीने ठरावीक वेग गाठला, बऱ्याच गाड्यांत तो ताशी ३० ते ४० किलोमीटरच्या आसपास असतो, आणि पुढे अंधार असला की अप्पर लागतो. समोरून हेडलाइट आले, किंवा पुढच्या गाडीचे मागचे लाल दिवे दिसले, की डिपर. कल्पना तशी जुनी आहे. अमेरिकेत जनरल मोटर्सने १९५२ साली कॅडिलॅक आणि ओल्ड्समोबाइल गाड्यांच्या डॅशबोर्डवर प्रकाश टिपणारी एक नळी बसवली होती, तिचं कामही हेच. आजचा कॅमेरा त्या नळीपेक्षा कितीतरी हुशार आहे. पण त्याचा मूळ हिशेब तोच राहिला आहे: दिवा दिसला तर वाहन आहे, दिवा नसेल तर कुणी नाही. आमच्या माळव्यातल्या रस्त्यांवर हा हिशेब चुकतो, आणि कुठे चुकतो ते नीट पाहिलं पाहिजे.

खंडवा रोडने सिमरोलच्या पुढे भेरूघाटात उतरताना काय होतं ते आठवा. वळणापलीकडून गाडी येत असते, ती अजून दिसत नाही. पण समोरच्या कड्यावर, झाडांच्या शेंड्यांवर उजेड सरकायला लागतो. मुरलेला ड्रायव्हर तिथेच ओळखतो आणि दिवे खाली घेतो. दोघं एकमेकांसमोर येतात तेव्हा दोघांचेही दिवे डिपरवर असतात. कॅमेऱ्याला तो सरकणारा उजेड पुरत नाही, त्याला प्रत्यक्ष दिवा दिसावा लागतो. म्हणजे समोरच्याच्या डोळ्यांत झोत गेल्यावर त्याचं काम सुरू होतं. सपाट दुपदरी रस्त्यावर दोन्ही गाड्या ताशी ८० ने येत असतील, तर त्यांच्यातलं अंतर दर सेकंदाला सुमारे ४४ मीटरने कमी होतं. दिवे उतरायला दोन सेकंद उशीर झाला, तर तेवढ्यात दोघांतलं अंतर जवळजवळ ९० मीटरने घटतं, आणि त्यातले सुमारे ४४ मीटर समोरचा माणूस काहीही न दिसता गाडी हाकत असतो. चढाच्या माथ्यावर हेच. दुभाजकावर कण्हेर दाट वाढलेली असते तिथेही हेच: झाडांच्या फटींतून दिवे लुकलुकतात, कॅमेरा गोंधळतो आणि अप्पर तसाच राहतो.

उलटी चूकही होते, आणि तिच्याकडे फारसं कुणी लक्ष देत नाही. हायवेवरच्या मोठ्या हिरव्या पाट्यांवर चकाकणारा पत्रा असतो. आपलाच प्रकाश त्यावरून परत येतो, कॅमेऱ्याला वाटतं गाडी आली. दिवे खाली. पाटी मागे पडली की दिवे वर. मोकळ्या रस्त्यावर हा खेळ चालतो तेव्हा चालवणाऱ्याला वैताग येतो, एवढंच. पण समोरून कुणी येत असेल तर? आपल्याकडे अप्पर-डिपर मारणं म्हणजे सांगणं असतं, ‘मी निघालोय, तू थांब.’ ओव्हरटेक करायला निघालेला ट्रकवाला त्यावरून निर्णय घेतो. आणि इथे तर गाडीत बसलेल्या माणसाने कुणाला काहीच सांगितलेलं नसतं. मला ही गोष्ट डोळे दिपण्यापेक्षाही जास्त धोक्याची वाटते.

आता ज्यांच्याकडे दिवाच नाही त्यांचं काय? श्रावणात ओंकारेश्वरहून नर्मदेचं पाणी घेऊन कावडवाले याच खंडवा रोडने इंदूरमार्गे उज्जैनला महाकालाकडे जातात. उन्हाचा त्रास नको म्हणून पुष्कळ जण रात्री आणि पहाटे चालतात. खांद्यावर कावड, पाय अनवाणी, अंगावर पावसाने भिजलेला भगवा सदरा. बहुतेक गाड्यांचा कॅमेरा अशा माणसाला वाहन समजत नाही, आणि पूर्ण झोत त्याच्या तोंडावर जातो. चालणारा हात वर करून डोळे झाकतो, आणि त्याच क्षणी त्याला कडेचा खड्डा दिसेनासा होतो. विनादिव्याच्या सायकलवाल्याची गत तीच. सोयाबीनच्या दिवसांत मंडीकडे निघालेल्या ट्रॅक्टरला कधीकधी एकच मिणमिणता दिवा असतो, तो कॅमेऱ्याच्या हिशेबात धरला जाईल याचीही खात्री नाही.

माझे सासरे लोकमान्य नगरातून राजेंद्र नगरला स्कूटरवर जायचे. सत्तरी ओलांडल्यावर त्यांनी संध्याकाळनंतर स्कूटर काढणं बंद केलं. कारण विचारलं तर म्हणाले, “समोरचा निघून जातो गं, पण त्याचा उजेड माझ्या डोळ्यांत राहतो.” अगदी बरोबर होतं त्यांचं. अंधाराला पूर्ण सरावायला डोळ्यांना वीस-तीस मिनिटं लागतात, आणि एक तीव्र झोत तो सराव क्षणात मोडतो. वय वाढतं तसं डोळ्यांतलं भिंग गढूळ होत जातं, प्रकाश आतल्या आत पसरतो आणि सावरायला आणखी वेळ लागतो. मोतीबिंदू असेल तर विचारूच नका. माणसाचं घराबाहेर पडणं बंद होतं. तो प्रवचनाला जात नाही, गणपतीच्या आरतीला जात नाही, आणि हे कुठल्याही अपघाताच्या नोंदीत येत नाही. मला याचं मनापासून वाईट वाटतं.

अप्पर वाईट असं मी म्हणत नाही. काळोख्या, रिकाम्या रस्त्यावर तो लावलाच पाहिजे, बसलेली गाय त्यातच लांबून दिसते. यावर चांगला उपायही निघाला आहे. मॅट्रिक्स दिव्यांत अप्पर चालू राहतो आणि समोरच्या गाडीपुरता झोताचा तेवढाच भाग काळा होतो. ऑडीने २०१३ मध्ये असे दिवे ए-८ गाडीत आणले. अमेरिकेने अशा दिव्यांना २०२२ मध्ये परवानगी दिली. आपल्याकडे ते अजून महागड्या गाड्यांतच दिसतात. तेही दिवे पाहूनच ठरवतात म्हणा, पायी चालणाऱ्याचा प्रश्न तिथेही राहतोच.

तोवर आपल्या हातात जे आहे ते करू या. गाडी चालू केली की मीटरमध्ये बघा. हेडलाइटच्या चित्रात ‘ए’ हे इंग्रजी अक्षर दिसत असेल, तर ऑटो चालू आहे. निळं चित्र म्हणजे या क्षणी अप्पर लागलेला आहे. शहरात, घाटात, पावसात, धुक्यात, आणि श्रावणात खंडवा रोडवर ऑटो बंद ठेवा, दांडी आपल्या बोटांशी ठेवा. आरशामागची काच आतूनबाहेरून पुसा. आरशाला टांगलेली माळ किंवा त्या जागी चिकटवलेला स्टिकर कॅमेऱ्याच्या आड येत असेल तर काढा. आणखी एक. स्टिअरिंगच्या उजव्या बाजूला खाली, शून्य ते तीन आकडे असलेलं एक छोटं चाक बऱ्याच गाड्यांत असतं. लग्नाला निघताना मागे माणसं आणि डिकीत सामान भरलं की गाडीचं नाक वर उचललं जातं, आणि मग डिपरसुद्धा समोरच्याच्या डोळ्यांत जातो. ते चाक फिरवून झोत खाली आणायचा. मी विचारते त्यांच्यापैकी बहुतेकांना ते कशासाठी आहे हेच माहीत नसतं.

नवी गाडी घेणार असाल तर टेस्ट ड्राइव्ह रात्रीची मागा, दिवसा दिवे कळत नाहीत. ऑटो हाय बीम कसं बंद होतं ते शोरूममधल्या माणसाला करून दाखवायला लावा, दोन-तीन मेनू पार करून जावं लागत असेल तर तशी तक्रार लेखी द्या. आणि बंद केलेलं ऑटो पुन्हा स्टार्ट मारल्यावर बंदच राहतं का, हे तिथेच, त्याच्या समोर, एकदा गाडी बंद-चालू करून पाहून घ्या. नमस्कार.