चार वर्षांची शाळा, सात वर्षांचा उपग्रह

(शिक्षक आणि अभियंत्यांच्या मेळाव्यातील व्याख्यान, संपादित)

मित्रहो, शाळेत एखादे शास्त्रज्ञ येतात, तासभर बोलतात, मुलं भारावून जातात. अशा भाषणांना मी कमी लेखत नाही. त्या एका तासानं आयुष्याची दिशा बदललेली मुलं मी पाहिली आहेत. पण शाळा आणि अंतराळतज्ज्ञ यांचं नातं तेवढ्यावरच थांबायला हवं का? आज मी एका शाळेबद्दल सविस्तर बोलणार आहे. तिथे हे नातं सात वर्षं टिकलं, आणि त्यातून एक उपग्रह तयार झाला.

शाळा अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातली, वॉशिंग्टन शहराच्या जवळची. नाव थॉमस जेफरसन हायस्कूल फॉर सायन्स अँड टेक्नॉलॉजी. सगळे तिला नुसतं 'टीजे' म्हणतात. ही मॅग्नेट शाळा आहे. म्हणजे शाळा सरकारी, फी नाही, पण प्रवेश फक्त आसपासच्या वस्तीतल्या मुलांना नसतो. मोठ्या परिसरातली मुलं अर्ज करतात, निवड होते, आणि शाळेचा भर एका विषयावर असतो. इथे तो विज्ञान-गणितावर आहे. १९८५ साली ही शाळा या रूपात सुरू झाली. नववी ते बारावी, अशी चार वर्षं.

त्याच उत्तर व्हर्जिनियात, डलेस इथे, ऑर्बिटल सायन्सेस ही रॉकेट आणि उपग्रह बनवणारी कंपनी होती. २००६ मध्ये शाळा आणि कंपनी यांनी मिळून ठरवलं की मुलांनी खराखुरा उपग्रह बांधायचा, आणि तो कक्षेत जायचा. नाव ठेवलं टीजे-क्यूब-सॅट. तो उडाला १९ नोव्हेंबर २०१३ रोजी रात्री, व्हर्जिनियाच्याच किनाऱ्यावरच्या वॉलॉप्स तळावरून, मिनोटॉर-१ रॉकेटनं. रॉकेटही ऑर्बिटलचंच. त्याचे खालचे दोन टप्पे निवृत्त केलेल्या मिनटमन क्षेपणास्त्रांचे. एकेकाळी अण्वस्त्रासाठी बांधलेल्या इंजिनावर शाळकरी मुलांचा उपग्रह वर गेला, हे मला फार मोलाचं वाटतं. त्या उड्डाणात एकूण २९ उपग्रह होते. हायस्कूलच्या मुलांनी बांधून अवकाशात गेलेला पहिला उपग्रह म्हणून टीजे-क्यूब-सॅटची नोंद आहे.

आकार किती? अर्धा किलो पेढ्यांच्या खोक्याएवढा. दहा सेंटिमीटरचा घन, वजन किलोच्या आसपास. हे माप १९९९ मध्ये स्टॅनफर्डचे बॉब ट्विग्ज आणि कॅलिफोर्नियातल्याच कॅल पॉली विद्यापीठाचे जॉर्डी पुईग-सुआरी या दोन प्राध्यापकांनी ठरवलं. आतलं काही का असेना, बाहेरचं माप एकच. मग कुठल्याही रॉकेटवर त्याच स्प्रिंगच्या डब्यातून तो बाहेर सोडता येतो. हे माप नसतं तर शाळेच्या वाट्याला ही गोष्ट आलीच नसती.

मुलांनी काम निवडलं तेही छान होतं. जमिनीवरून कुणीतरी एक वाक्य लिहून पाठवायचं, उपग्रहावरच्या यंत्रानं ते आवाजात बदलायचं, आणि हॅम रेडिओच्या, म्हणजे परवाना घेतलेल्या हौशी लोकांच्या रेडिओच्या, लहरींवर बोलून दाखवायचं. ऐकायला हॅमचा साधा रेडिओसंच पुरे.

आता सात वर्षं का लागली, ते सांगतो. बांधणीला एवढा वेळ लागत नाही. सुट्या भागांचा संच विकत मिळतो. वेळ लागतो तो 'हे चालेल' या वाक्यापासून 'हे चालतं, हा पुरावा' या वाक्यापर्यंत पोचायला.

कंपन चाचणी घ्या. उपग्रह एका जाड पाटाला घट्ट आवळतात आणि तो पाट तिन्ही दिशांनी, एकेक करून, रॉकेटमध्ये बसतील तसे हादरे देतो. टेबलावर महिनाभर बिनतक्रार चाललेलं सर्किट इथे काही सेकंदांत गप्प होऊ शकतं. एखादा स्क्रू पाव फेरा सैल होतो, एखादा कनेक्टर अर्धा मिलिमीटर वर येतो. मग खोलायचं, स्क्रूला चिकटद्रव्य लावायचं, किती जोरानं आवळलं ते लिहायचं, आणि पुन्हा पाटावर. पण चिकटद्रव्य कुठलं? निर्वातात गोंद आणि प्लास्टिक वाफ सोडतात, आणि ती वाफ शेजारच्या उपग्रहाच्या भिंगावर जाऊन बसते. म्हणून नियम असा, की वापरलेल्या पदार्थाचं वजन निर्वातात एक टक्क्याहून जास्त घटता कामा नये. रॉकेटवरचा मुख्य प्रवासी अमेरिकी हवाई दलाचा उपग्रह होता. पाहुण्यांच्या उपग्रहाला काय झालं, यापेक्षा त्याच्यामुळे मुख्य उपग्रहाला काही होणार नाही ना, ही तिथली पहिली काळजी. म्हणून पाहुणे उपग्रह डब्यात असेपर्यंत पूर्ण बंद असावे लागतात. बाहेर पडल्यावर दाबलेला खटका सुटतो, तेव्हा घड्याळ सुरू होतं, आणि किमान अर्धा तास अँटेना उघडायची नाही.

सोळा वर्षांच्या मुलाला हे सगळं जाचक वाटणारच. पण तज्ज्ञांची खरी देणगी इथेच आहे, असं माझं ठाम मत आहे. त्यांनी मुलांसाठी कसोटी सोपी केली नाही. चाचणीची यंत्रं दिली, अभियंत्यांचा वेळ दिला, आणि शाळेचा उपग्रह इतरांच्याच नियमांनी तपासला गेला. मुलांना कौतुक पुष्कळ मिळतं. कामाचा माणूस समोर बसून 'हा आकडा कुठून आला?' असं विचारतो, तो अनुभव फार थोड्यांना मिळतो.

आणि गणित? वर्गात त्रिकोणमिती शिकवताना 'याचा उपयोग काय' हा प्रश्न येतो. ५०० किलोमीटर उंचीवरचा उपग्रह सेकंदाला साधारण ७.६ किलोमीटर वेगानं जातो. क्षितिजावर येतो तेव्हा त्यातला किती वेग आपल्या दिशेनं आहे? कोन काढा, सुमारे ७ किलोमीटर येतील. हॅम उपग्रह ४३५ ते ४३८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलतात, तिथे या वेगामुळे लहरीची वारंवारता सुमारे १० किलोहर्ट्झनं सरकते. येताना वर, जाताना खाली. रेडिओ त्या बेतानं फिरवत राहिला नाही तर आवाज हरवतो, आणि उपग्रह डोक्यावरून जायला मिळतात जेमतेम दहा मिनिटं. विजेचा हिशेबही असाच. एवढ्याशा घनावरचे सौरपट्टे एक-दोन वॅट देणार, दीड तासाच्या फेरीतली पस्तीसेक मिनिटं अंधारात जाणार, आणि बोलायला तर भरपूर वीज लागते. मग किती वेळ बोलायचं? बेरीज-वजाबाकीच आहे, पण ती चुकली तर उपग्रह मुका होतो.

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. चार वर्षांच्या शाळेत सात वर्षांचा प्रकल्प. २००६ मध्ये जी मुलं नववीत होती ती २०१० मध्ये शाळा सोडून गेली. उड्डाणाच्या रात्री शाळेत असलेल्या एकाही मुलानं सुरुवात पाहिलेली नव्हती. म्हणजे मधल्या प्रत्येक तुकडीला दोन कामं होती: आपला भाग करणं, आणि ज्याला आपण कधी भेटणार नाही अशा मुलासाठी तो लिहून ठेवणं. ही वायर पिवळी का, हा रोध ४७ चा का, मागच्या वेळी काय बिघडलं होतं. आपल्या प्रयोगवह्या परीक्षकासाठी लिहिल्या जातात. ही वही पुढच्या माणसासाठी लिहावी लागते, आणि वहीत नसेल ते काम पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं.

पुणेकरांना हे नवं नाही. सीओईपी या पुण्यातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांचा 'स्वयम्' उपग्रह २२ जून २०१६ ला पीएसएलव्ही-सी३४ वरून गेला. तोही दहा सेंटिमीटरचाच घन, वजन ९९० ग्रॅम. काम सुरू झालं होतं २००८ मध्ये. आयआयटी मुंबईचा 'प्रथम' त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये गेला, त्यालाही जवळपास दशक लागलं. तिथेही विद्यार्थ्यांच्या तुकड्यांमागून तुकड्या बाहेर पडल्या आणि काम हातोहात पुढे गेलं. तिथेही समोर बसून परीक्षण करणारी इस्रोची माणसं होती.

काही जण म्हणतील, टीजेची मुलं निवडक, त्यांना जमलं यात नवल काय. शंका रास्त आहे. त्या शाळेचा प्रवेश कुणाला मिळतो यावर तिथे कोर्टकज्जे झाले आहेत. पण त्याच व्हर्जिनियातल्या आर्लिंग्टनच्या सेंट थॉमस मूर या प्राथमिक शाळेचा उपग्रह २०१६ च्या मे महिन्यात अवकाशस्थानकातून सोडला गेला. ती निवड करून मुलं घेणारी विज्ञानशाळा नव्हती. तिथेही जाणती माणसं शेजारी उभी होती, एवढंच.

आपल्याकडे पायवाटा आहेत. पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेची मुक्तांगण विज्ञान शोधिका आहे, उन्हाळ्यात शाळकरी मुलं आठवडाभर तिथल्या संशोधकांबरोबर काम करतात. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या तीस अँटेना आहेत. २०१९ पासून इस्रोचं शाळकरी मुलांसाठीचं 'युविका' शिबिर आहे. हे सगळं उत्तम आहे, फक्त मुदत थोडी आहे. आठवडा, पंधरवडा.

म्हणून इथे बसलेल्या अभियंत्यांना माझी विनंती आहे. उपग्रहाचं राहू द्या. एक शाळा निवडा आणि तिला पाच वर्षं द्या. हॅम रेडिओच्या परवान्याची परीक्षा आपल्याकडे बारा वर्षांच्या मुलालाही देता येते, आठवी-नववीच्या चौघांपासून सुरुवात करा. गच्चीवर हातानं बनवलेली अँटेना लावा, अवकाशस्थानक डोक्यावरून जाताना १४५.८ मेगाहर्ट्झवर ऐका, कधी ऐकू आलं आणि कधी नाही ते लिहा. वर्षातून तीनदा जा, भाषण करू नका, वही मागा आणि प्रश्न विचारा. आणि शिक्षकांनो, दहावीची मुलं निघताना ती वही आठवीच्या मुलांनी वाचून, न विचारता, अँटेना पुन्हा उभी करून दाखवायची, एवढी एक परीक्षा घ्या. कुणाला या जूनपासून सुरू करायचं असेल तर व्याख्यानानंतर मी इथेच थांबलो आहे, अँटेनाची मापं बरोबर आणली आहेत.