उष्टावणानंतरचा शेंगदाणा

श्रोतेहो, नमस्कार.

श्रावण आला की आपल्या बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या घरांत शेंगदाणे भाजल्याचा वास सुटतो. पंचमीचे लाडू, संक्रांतीच्या शेंगापोळ्या, आणि भाकरीवर शेंगाचटणी तर बारा महिने. पण त्याच घरात सात महिन्यांचं बाळ असलं की आज्जी बजावते, "त्याला दाण्याचं काही देऊ नका हं, पित्त होतंय."

आज्जीला बोल कसा लावायचा? एके काळी डॉक्टरही तेच सांगत. घरात ॲलर्जी असेल तर तीन वर्षांपर्यंत बाळाला शेंगदाणा नको, असा सल्ला अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांनी २००० साली दिला होता. २००८ मध्ये त्यांनी तो मागं घेतला. त्याच सुमारास एक गोष्ट ध्यानात आली. इस्राएलमध्ये बाळं लहानपणीच दाण्याचा खाऊ खातात, आणि ब्रिटनमधल्या ज्यू मुलांत ही ॲलर्जी तिथल्यापेक्षा दहापट होती. मग लंडनमध्ये इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली ६४० बाळं घेतली. निम्म्यांना आठवड्यातून तीनदा दाणा, निम्म्यांना अजिबात नाही. २०१५ मध्ये निकाल आला. पाच वर्षांची होईपर्यंत दाणा टाळलेल्यांत शंभरातल्या सुमारे सतरा मुलांना ॲलर्जी होती, खाल्लेल्यांत तिघांना.

असं का, तर पोटात गेलेला दाणा शरीर अन्न म्हणून ओळखतं. इसबानं फुटलेल्या कातडीतून दाण्याचे कण शिरले तर शरीर त्यांना शत्रू समजू शकतं. आपल्या स्वयंपाकघरात कूट तर रोजच उडतंय. मग बाळाच्या तोंडाआधी ते कातडीला भेटायला नको.

म्हणून सहा महिने झाले, उष्टावण झालं, मऊ भात आणि नाचणीची पेज पचू लागली की दाणा सुरू करा. अख्खा दाणा किंवा तुकडा नाही हं! पाच वर्षांखालच्या मुलाच्या श्वासनळीत तो अडकू शकतो. भाजून, सालं काढून, वस्त्रगाळ कूट करायचं आणि पेजेत कालवायचं. पहिल्या दिवशी चमच्याच्या टोकावर एवढंसं, मग दहा मिनिटं थांबून उरलेलं. बाळ बरं असताना, दिवसा, दोन तास नजरेसमोर ठेवून द्या. मानवलं तर आठवड्यातून दोन-तीनदा चालू ठेवा, मध्येच सोडू नका. बाळाला जोराचं इसब असेल किंवा अंडं बाधलं असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

आता त्या पित्ताबद्दल. दाणा खाल्ल्यावर गांधी उठल्या की आपण आमसुलाचं पाणी लावतो. तोंडाभोवती दोन-चार गांधी असतील आणि बाळ खेळत असेल, तर दाणा बंद करून डॉक्टरांना दाखवा. पण गांधींबरोबर बाळाचा आवाज बसला, छातीत घरघर झाली, उलट्यांवर उलट्या झाल्या, जीभ सुजली किंवा बाळ मलूल पडलं, तर ते पित्त नाही. तिथं आमसूल नको, आणि खाजेच्या औषधाची वाट पाहणंही नको. त्यावर औषध एकच, मांडीत दिलेलं ॲड्रेनालिनचं इंजेक्शन. परदेशात त्याचं तयार पेन घरी ठेवतात, आपल्याकडं ते सहज मिळत नाही. म्हणून जवळच्या दवाखान्यात धावा, १०८ला फोन करा, आणि तिथं पोचताच "दाणा खाल्लाय" हे पहिलं सांगा. बाळाला आडवं ठेवा, धाप असेल तर बसतं धरा, खांद्यावर उभं घेऊन धावू नका. बरं वाटलं तरी लगेच घरी आणू नका. काही तासांनी त्रास पुन्हा उलटू शकतो.

अशा मुलाची ॲलर्जी पुढं आपोआप जाईलच असं नाही, पाचातल्या एखाद्याची जाते. तेव्हा अंगणवाडीतल्या बाईंना आणि शेजारच्या काकूंना आधीच सांगून ठेवा. चिक्की आणि लाडू तर दिसतात, पण भरल्या वांग्यातलं आणि कोशिंबिरीतलं कूट दिसत नाही. घाण्याच्या तेलातही दाण्याचा अंश राहतो.

नमस्कार.