जिंकलो ते कशामुळे

(दृश्य : भर आषाढ. वेलदूरच्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होड्या, त्यांच्यावर निळं प्लास्टिक. मागे पावसाचा आवाज आणि मध्येच स्ट्रायकरची टकटक.)

आषाढात कोकणात कॅरम खेळायला बसलं की प्रतिस्पर्धी दोन असतात. एक समोर बसलेला, आणि दुसरी हवा.

प्लायवूड ओल धरतं, कुठे कुठे फुगतं. पावडर टाकावी तर तिच्या गुठळ्या होतात. काल सरळ भोकात जाणारी सोंगटी आज कडेपाशी येऊन थांबते. बोर्डावर लोंबणारा पिवळा बल्ब उजेडासाठी असतो, तसाच लाकूड सुकं राहावं म्हणूनही असतो. गणपतीला आलेले चाकरमानी पहिल्याच हाताला वैतागतात, "बोर्ड मंद आहे रे," म्हणतात आणि जोर वाढवतात. मग स्ट्रायकरच भोकात जातो.

ही गोष्ट ज्यांची आहे, ते भाऊ अशाच मंद बोर्डावर शिकले. पुढे आयुष्यभर औषधांच्या गोळ्यांवर संशोधन केलं, आणि तिथेही त्यांची गाठ याच दमट हवेशी पडली. त्यांचं नाव आम्ही सांगणार नाही, घरच्यांची तशी इच्छा आहे. गुहागर तालुक्यातल्या त्यांच्या वाडीत ते भाऊ होते आणि प्रयोगशाळेत डॉक्टर. आम्ही भाऊच म्हणू.

(दृश्य : चिऱ्याचं घर, पडवी, भिंतीला टेकवून ठेवलेला जुना बोर्ड.)

लहानपण चार पोरांसारखंच गेलं. मातीतली कबड्डी, विटीदांडू, गोट्या. कॅरम मात्र मुंबईहून आला. लालबागच्या गिरणीत कामाला असलेल्या काकांनी चाळीतला जुना बोर्ड एस्टीच्या टपावर बांधून गावी आणला. गिरणगावातल्या चाळींमध्ये अर्धं कोकण राहत होतं, आणि कामाच्या पाळ्या संपल्या की गॅलरीगॅलरीत कॅरम चालायचा. सुट्टीत गावी येणाऱ्या माणसांबरोबर तो खेळ वाडीवाडीत पोचला.

शाळेत असतानाच भाऊंनी वही घातली. आम्ही ती हाताळली आहे. पाठीमागे पाढे छापलेली, दोनशे पानी, कोपरे वाळवीने खाल्लेले. रकाने पाच : तारीख, कोणाशी, गुण, पाऊस, कारण. शेवटचा रकाना वाचत आम्ही कितीतरी वेळ बसून राहिलो. हरल्यावर कारण सगळेच शोधतात. भाऊ जिंकल्यावरही शोधायचे. "हरलो. राणीची घाई." "जिंकलो. त्याने कव्हर सोडलं, मी काही केलं नाही." "जिंकलो. कारण कळलं नाही." या शेवटच्या नोंदीखाली लाल पेन्सिलीची रेघ आहे. पुढच्या पानांवरही हरलेल्या डावाखाली एकही लाल रेघ नाही. लाल रेघा आहेत त्या न कळलेल्या विजयांखाली. 'नशीब' हा शब्द आम्ही शोधून पाहिला. कुठेही सापडला नाही.

(दृश्य : माटुंग्याची जुनी छायाचित्रं, लोकलची गर्दी.)

रत्नागिरीला बी.एस्सी. करून भाऊ माटुंग्याच्या यूडीसीटीत, म्हणजे मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागात गेले. 1933 साली सुरू झालेली ही संस्था रसायन आणि औषधांच्या धंद्यातल्या मराठी मुलांचं मोठं आशास्थान होती. भाऊ बाहेर पडले तेव्हा काळही अनुकूल होता. 1970 चा पेटंट कायदा 1972 पासून लागू झाला होता. औषधाच्या रेणूवर पेटंट मिळणार नव्हतं, ते फक्त बनवण्याच्या कृतीवर मिळणार होतं. म्हणजे तेच औषध वेगळ्या कृतीने बनवायची मुभा होती. कंपन्यांना स्वतःची कृती शोधणारे रसायनतज्ज्ञ हवे होते. 2005 साली कायदा बदलेपर्यंत देशी औषध उद्योग या मुभेवरच वाढला आणि औषधं सामान्य माणसाच्या आवाक्यात राहिली.

मुंबईत भाऊ ऑफिसच्या स्पर्धांमध्ये कॅरम खेळायचे आणि पोस्टकार्डावर बुद्धिबळ. पंधरा पैशांचं कार्ड, एका कार्डावर एक खेळी. एकेक डाव वर्षभर चाले. गावाकडच्या गड्याचं कार्ड पावसात भिजून शाई पसरली, तर भाऊ खेळी अंदाजाने लावत नसत, परत पत्र पाठवून विचारत.

कामाला लागल्यावर त्यांच्या वाट्याला स्थिरता-चाचणीचा विभाग आला. स्थिरता म्हणजे गोळी किती दिवस औषध म्हणून टिकते ते. ऐकायला हे काम नीरस वाटतं, पण आमच्या मते औषधाचं खरं भवितव्य तिथेच ठरतं. अ‍ॅस्पिरिनचंच घ्या. पाणी मिळालं की त्याचं सॅलिसिलिक आम्ल आणि अ‍ॅसिटिक आम्ल होतं. जुन्या बाटलीचं झाकण उघडल्यावर व्हिनेगरचा वास येतो तो यामुळे. काही प्रतिजैविकांबरोबर दिलं जाणारं क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल तर ओलाव्याला फारच हळवं. म्हणून नव्या गोळ्या 40 अंश सेल्सिअस आणि 75 टक्के आर्द्रतेच्या कपाटात सहा महिने ठेवतात, त्यांचं वय मुद्दाम भरभर वाढवतात आणि काय बिघडतं ते बघतात.

(दृश्य : ब्युरेट, काचेचा फ्लास्क, हात.)

गोळीत पाणी किती, हे मोजायची पद्धत कार्ल फिशर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने 1935 साली दिली. आज यंत्र मोजतं. भाऊंच्या तरुणपणी ते हाताने व्हायचं. आयोडीन, सल्फर डायऑक्साइड, मिथेनॉल आणि पिरिडीन यांचं द्रावण ब्युरेटमध्ये, म्हणजे खाली तोटी असलेल्या काचेच्या नळीत. खाली फ्लास्कमध्ये गोळीची पूड. थेंब थेंब सोडायचा. पाणी असेपर्यंत आयोडीन वापरलं जातं आणि द्रावण पिवळसर राहतं. पाणी संपलं की पुढचा थेंब तसाच उरतो आणि रंग तपकिरीकडे झुकतो. त्या क्षणी थांबायचं. एक थेंब जास्त गेला तर आकडा चुकला. बाहेर पाऊस असला तर हवेतलं पाणीही फ्लास्कमध्ये शिरू बघतं, म्हणून नळ्यांच्या तोंडाशी शोषक भरायचा. पिरिडीनचा वास सुक्या मासळीच्या वखारीसारखा. सहकारी नाकाला रुमाल बांधत. भाऊ म्हणायचे, "मला घरचा वास येतो."

चूक झाली तर प्रयोगशाळेच्या वहीत खोडरबर चालत नाही. चुकलेल्या आकड्यावर एकच आडवी रेघ मारायची, म्हणजे तो वाचता येतो, बाजूला सही आणि तारीख. भाऊंच्या कॅरमच्या वहीत चुकलेले गुणही असेच खोडलेले आहेत.

याच विभागात त्यांनी एकदा साऱ्या कंपनीचा रोष ओढवून घेतला. एक नवी गोळी सहा महिन्यांच्या चाचणीत उत्तम टिकली होती. वरच्या लोकांनी पेढे मागवले. भाऊंनी विचारलं, ही टिकली कशामुळे? कुणाला सांगता येईना. दोन दिवस ते कपाटातले नमुने बघत बसले, मग कारण सापडलं. चाचणीतल्या गोळ्या बाटलीत होत्या आणि बाटलीत ओलावा शोषणारी सिलिका जेलची पुडी होती. बाजारात मात्र गोळी जाणार होती साध्या प्लास्टिकच्या पट्टीत. जे टिकलं होतं ते पुडीमुळे. भाऊंनी पट्टीतल्या गोळ्यांची चाचणी पुन्हा लावायला लावली. सहा महिने वाया गेले असं सगळे म्हणत राहिले. पट्टीतल्या गोळ्यांवर डाग पडले, तेव्हा कंपनीने दोन्हीकडून अ‍ॅल्युमिनियम असलेली पट्टी घेतली. पेढे पुन्हा कुणी आणले नाहीत.

शिकाऊ मुलांना ते एचआयव्हीवरच्या रिटोनाविरची हकिकत सांगत. 1996 साली ते बाजारात आलं. सगळ्या चाचण्या पार झालेल्या. 1998 साली कारखान्यात त्याच रेणूचे वेगळ्याच ठेवणीचे स्फटिक तयार होऊ लागले. औषध तेच, पण नव्या रूपात फारच कमी विरघळणारं. एकदा ते रूप दिसलं आणि मग जुनं रूप बनवणंच अवघड होऊन बसलं. कॅप्सूल बाजारातून काढावी लागली. दोन वर्षं जिंकत आलेला खेळाडू कशावर जिंकत होता हे त्यालाच ठाऊक नव्हतं, असं भाऊ म्हणत, आणि मुलं गप्प व्हायची.

(दृश्य : महाडजवळची भातखाचरं, गवताच्या उडव्या.)

भाऊंचा सगळ्यात मोठा आदर मात्र कुणा कारखान्यातल्या माणसावर नव्हता. तो होता महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांवर. कोकणात लाल विंचू चावून माणसं, विशेषतः मुलं, दगावत होती. बावस्कर 1976 च्या सुमारास बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले, रुग्णाच्या खाटेशी रात्र रात्र बसून नाडी आणि रक्तदाब लिहीत राहिले, आणि रक्तदाबावरचं प्राझोसिन हे साधं औषध विंचवाच्या विषावर वापरलं. मृत्यूचं प्रमाण सुमारे 40 टक्क्यांवरून एका टक्क्याच्या आसपास आलं. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने 1982 साली त्यांचं लेखन छापलं. 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली.

पण भाऊ ज्या गोष्टीने हरखून जायचे ती वेगळी. प्राझोसिनने एवढं यश दिल्यावरही बावस्कर थांबले नाहीत. महाडमध्येच त्यांनी 70 रुग्णांवर चाचणी घेतली : नुसतं प्राझोसिन, की प्राझोसिन आणि प्रतिविष दोन्ही? 2011 साली ती 'बीएमजे' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. दोन्ही दिलेले रुग्ण लवकर सावरले होते. ज्या औषधाने नाव दिलं, त्याच्यापुढे जास्त चांगला उपाय त्यांनी स्वतः उभा केला. ते कात्रण भाऊंच्या कॅरमच्या वहीत आहे, कंपनीच्या कागदांत नाही.

(दृश्य : मंडळाची खोली, स्पर्धेचा फळा, खडूने लिहिलेली नावं.)

नव्वदच्या दशकात भाऊ लोटे-परशुरामच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात आले आणि वाडीच्या गणपतीतल्या स्पर्धेत पुन्हा नियमित खेळू लागले. एका अंतिम सामन्याची आठवण अजून निघते. समोर वेलदूरचा एक तरुण, मासेमारी करणारा, अंगठ्याने मारण्यात पटाईत. तिसरा गेम. त्याचे 22 गुण, भाऊंचे 20. बोर्डावर त्याच्या दोन सोंगट्या, भाऊंची एक, आणि राणी. त्याने मारलेली सोंगटी भोकाच्या ओठावर येऊन थांबली आणि हात भाऊंकडे आला. भाऊंनी राणी घेतली, शेवटच्या सोंगटीने कव्हर केलं. त्याच्या उरलेल्या दोन सोंगट्यांचे दोन, राणीचे तीन. पंचवीस, आणि गेम भाऊंचा.

लोकांनी भाऊंना उचललं. त्या रात्रीची नोंद अशी आहे : "जिंकलो. तो खिडकीकडे बसला होता. पाऊस तिरका. त्याची बाजू ओली, माझी सुकी." दुसऱ्या दिवशी ते मंडळाच्या खोलीत गेले, प्रयोगशाळेतून आणलेला आर्द्रतामापक भिंतीवर लावला, बोर्ड खिडकीपासून हलवून खोलीच्या मधोमध मांडला आणि बल्ब बदलला. पुढच्या वर्षी त्याच तरुणाने त्यांना सरळ दोन गेममध्ये हरवलं. वहीत कारण : "तो चांगला खेळतो." तेव्हापासून दोघांची मैत्री जमली.

लोट्याविषयी बोलायचं आणि दाभोळच्या खाडीविषयी गप्प राहायचं, हे आम्हाला जमणार नाही. वसाहतीच्या सांडपाण्याने मासळी मरते, ही खाडीकाठच्या मच्छीमारांची तक्रार जुनी आहे. त्या तरुणाने एकदा डाव मांडता मांडता विचारलं, "भाऊ, तुम्ही गोळीतलं पाणी थेंबाथेंबाने मोजता. आमच्या पाण्यातलं काय आहे ते कोण मोजतो?" भाऊंनी त्या दिवशी डाव खेळला नाही. निवृत्तीनंतर खाडीच्या पाण्याचे नमुने घ्यायला जाणाऱ्या लोकांबरोबर ते जायचे, बाटल्या कशा भरायच्या, चिठ्ठी कशी लावायची ते दाखवायचे. एवढ्याने प्रश्न सुटत नाही, सुटलेलाही नाही. पण नोकरी करताना त्यांनी हे का केलं नाही, हा प्रश्न आम्हाला पडतो आणि तो पडायला हवा.

(दृश्य : चिपळूण, 22 जुलै 2021 नंतरची बाजारपेठ. चिखल, रस्त्यावर काढलेला माल.)

2021 च्या जुलैत चिपळूण बुडालं. पाणी ओसरल्यावर ओळखीच्या एका औषध दुकानदाराने भाऊंना बोलावलं. वरच्या फळ्यांवरचा माल कोरडा दिसत होता, तो विकता येईल का? भाऊ थकले होते, तरी खुर्ची टाकून बसले आणि एकेक खोकं उघडून घेतलं. साध्या पट्ट्या बाजूला, बाटल्या बाजूला, फ्रीज बंद पडल्यामुळे इन्सुलिनची तर खात्रीच उरली नव्हती. "दिसतं कोरडं, पण चार दिवस ही खोली वाफेने भरली होती," ते म्हणाले. दुकानदाराचं लाखोंचं नुकसान होत होतं. त्याने ऐकलं, माल टाकून दिला. त्या माणसाचाही आम्हाला अभिमान वाटतो.

भाऊ आता नाहीत. वह्या त्यांच्या पुतण्याच्या मुलीकडे आहेत. ती बी.फार्म. करते आणि वाडीच्या स्पर्धेत खेळते. भाऊंनी लिहिलेली कारणं ती एकेक करून तपासते आहे. कॅमेऱ्यासमोर तिने एक पान उघडून दाखवलं, 1988 च्या श्रावणातलं.

"इथे आजोबांनी पावसाला धरलंय," ती म्हणाली. "मला नाही पटत. आदल्या दिवसाचे तीन डाव बघा, बोर्ड तोच, पाऊस तोच, आणि ते व्यवस्थित खेळलेत. इथे त्यांचा अंगठा दुखत होता. त्या डावांनंतर लिहिलंय, विळी लागली म्हणून. ते त्यांच्या लक्षातच आलं नाही."

आणि तिने 'पाऊस' या शब्दावर एक आडवी रेघ मारली, बाजूला सही केली, तारीख घातली.