इस्ट्रोजेनचे पहिले वर्ष

श्रोतेहो, नमस्कार.

स्त्रीत्वाकडे नेणारे हार्मोन उपचार सुरू होऊन दोन-तीन महिने झाले की पारलिंगी (ट्रान्स) मुलींच्या, म्हणजे जन्माच्या वेळी मुलगा म्हणून नोंद झालेल्या मुलींच्या, मनात बहुधा एक शंका घर करू लागते. गोळ्या वेळच्या वेळी घेतल्या जातात, दवाखान्याच्या फेऱ्या होतात, पैसे खर्च होतात, घरातला ताण रोज सोसावा लागतो, आणि आरशात मात्र कालचाच चेहरा दिसतो. मग औषध लागू पडत नाही, मात्रा कमी पडते आहे, किंवा आपल्या शरीरातच काही खोट आहे, असे वाटू लागते. आजचे माझे बोलणे या मुलींसाठी आहे आणि त्यांच्या आईवडिलांसाठीही आहे. मी स्वतः पारलिंगी स्त्री आहे, इंदूरच्या मराठी घरात वाढलेली आहे, आणि उपचार नुकतेच सुरू केलेल्या मुलींशी बसून बोलणे हे माझे गेल्या काही वर्षांतले काम आहे. मी डॉक्टर नाही, त्यामुळे औषध कोणते आणि किती, हे तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचे आहे. शरीर कोणत्या गतीने बदलते आणि ती गती तशी का असते, एवढेच मला सांगायचे आहे.

या उपचारांत साधारणपणे इस्ट्राडायोल हे इस्ट्रोजेन, म्हणजे स्त्री-हार्मोन, दिले जाते आणि त्याच्या जोडीला बहुतेक वेळा टेस्टोस्टेरॉन या पुरुष-हार्मोनला आवर घालणारे दुसरे औषध असते. ते पुष्कळदा स्पायरोनोलॅक्टोन किंवा सायप्रोटेरोन असते. रक्तातली या हार्मोनची पातळी काही आठवड्यांतच बदलू शकते. पण त्वचा, चरबी, स्नायू, स्तनातील ग्रंथी आणि केसांची मुळे यांपैकी प्रत्येकाला त्या बदललेल्या रक्तावर वाढायला किंवा झिजायला आपापला वेळ लागतो. एखाद्या मुलीचा अहवाल अगदी हवा तसा आलेला असतो आणि तरीही शरीर जिथल्या तिथे वाटते, ते यामुळेच. अकरा वर्षांची मुलगी वयात येते तेव्हा स्तनांची पहिली गाठ दिसल्यापासून त्यांची वाढ पुरी होईपर्यंत चारेक वर्षे जातात, आणि तिसऱ्या महिन्यात कोणतीही आई त्याबद्दल डॉक्टरांना जाब विचारायला जात नाही. पंचवीस किंवा चाळीस वर्षांच्या शरीराकडून आपण त्याहून वेगाची अपेक्षा करतो, कारण एवढी वर्षे वाट पाहून आपण आधीच थकलेल्या असतो. हा थकवा खरा आहे आणि त्याला कोणी उतावीळपणा म्हणून हिणवू नये.

पहिल्या एक ते तीन महिन्यांत जे घडते ते बहुतांशी बाहेरून दिसणारे नसते. कामेच्छा कमी होते, आपोआप येणारी ताठरता कमी होते, त्वचेचा तेलकटपणा उतरू लागतो, घामाचा वास बदलल्याचे काहींना जाणवते. काहींना रडू लवकर येते, तर काहींना आत खूप शांत वाटते. तीन ते सहा महिन्यांच्या टप्प्यात त्वचा मऊ होऊ लागते, स्नायूंची ताकद उतरू लागते, कंबर, मांड्या आणि गालांवर चरबीची मांडणी बदलायला सुरुवात होते आणि स्तनांची वाढ सुरू होते. मी हे महिने मुद्दाम सैल सांगते आहे, कारण त्यात माणसागणिक फरक पडतो. पारलिंगी व्यक्तींच्या आरोग्यासाठी काम करणाऱ्या ‘डब्ल्यूपाथ’ या जागतिक संघटनेने २०२२ मध्ये आपल्या उपचार-निकषांची आठवी आवृत्ती काढली. तिच्यातील वेळापत्रकानुसार चरबीची मांडणी आणि स्तनांची वाढ यांचा पूर्ण परिणाम दिसायला दोन ते पाच वर्षे लागू शकतात. तिसऱ्या महिन्यात निकाल लावायला बसणे म्हणजे पेरणीच्या आठवड्यातच शेतात विळा घेऊन उतरणे होय.

चरबीबद्दल थोडे अधिक सांगायला हवे, कारण सर्वांत जास्त गैरसमज तिथेच आहेत. पोटावर आधीपासून असलेली चरबी उचलून इस्ट्रोजेन ती कमरेवर नेऊन ठेवत नाही. नव्याने साठणारी चरबी मात्र हळूहळू स्त्रीशरीराच्या पद्धतीने साठू लागते, आणि जुनी तिच्या गतीने कमी होते. म्हणून चेहऱ्यातला बदल इतका सावकाश होतो की रोज आरसा पाहणाऱ्या मुलीला तो दिसत नाही, आणि दिवाळीला पुण्याहून आलेली आत्या मात्र उंबऱ्यातच थबकते. बारीक दिसावे म्हणून याच काळात जेवण तोडणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत आणि मला त्यांची फार काळजी वाटते. ज्या शरीराकडून आपण वाढीची अपेक्षा करतो, त्याला पोटभर अन्न मिळालेच पाहिजे.

स्तनांची वाढ स्तनाग्राच्या अगदी खाली, बटणाएवढ्या एका कडक गाठीने सुरू होते. ती बोटाला लागते आणि दाबली की झोंबते. पालथे झोपता येत नाही, दुचाकी खड्ड्यातून गेली की कळ येते, पाठीवरच्या बॅगेचा पट्टा नको वाटतो, आणि इंदूरच्या रंगपंचमीच्या गेरीत, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीत, राजवाड्याजवळच्या गर्दीत शिरायचे तर दोन्ही हात छातीशी धरूनच शिरावे लागते. पुष्कळ मुली या दुखण्याने घाबरतात. ते वाढीचेच लक्षण आहे. एका बाजूची गाठ आधी येते आणि दुसरी महिनाभराने, असेही होते. दोन बाजूंत थोडाफार फरक तर कोणत्याही स्त्रीच्या शरीरात असतो. मग अचानक दुखणे थांबते आणि वाढही थांबल्यासारखी वाटते, आणि काही महिन्यांनी ती पुन्हा सुरू होते. जेम्स टॅनर या ब्रिटिश डॉक्टरांनी वयात येणाऱ्या मुलींच्या स्तनवाढीचे जे पाच टप्पे सांगितले, त्यांतील दुसरा टप्पा म्हणजे ही गाठ होय. पुढचे टप्पे ज्याच्या त्याच्या वेळेने येतात. स्तनाग्रातून रक्तासारखा स्राव आला, किंवा स्तनाग्रापासून दूर कुठे न हलणारी टणक गाठ लागली, तर मात्र वाट न पाहता डॉक्टरांना दाखवावे.

युरोपातील काही केंद्रांनी मिळून २२९ पारलिंगी स्त्रियांच्या पहिल्या वर्षातील स्तनवाढीची मोजणी केली आणि ती २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. वर्षाअखेरीस छातीचा स्तनांवरून घेतलेला घेर आणि स्तनांखालून घेतलेला घेर यांतील फरक सरासरी ८ सेंटिमीटरच्या आसपास भरला, आणि जवळपास निम्म्या स्त्रियांची वाढ ब्रेसियरच्या सर्वांत लहान मापाच्या कपापर्यंतही पोहोचली नव्हती. हे ऐकून कोणी खचून जाऊ नये. मी हे आकडे सांगते ते इतक्यासाठी की, वर्षभराने तुमची वाढ थोडीच असेल तर तुम्ही निम्म्या स्त्रियांसारख्याच आहात आणि तुमच्या शरीरात काहीही बिघडलेले नाही. याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला त्याहून महत्त्वाची वाटते: रक्तात इस्ट्राडायोल जास्त होते म्हणून वाढ जास्त झाली, असा संबंध तिथे आढळला नाही.

याच ठिकाणी मला कळकळीने एक गोष्ट सांगायची आहे. बदल लवकर यावा म्हणून दोनऐवजी चार गोळ्या घेणे, मैत्रिणीची चिठ्ठी दाखवून औषध आणणे, किंवा ओळखीच्या मेडिकलवरून गर्भनिरोधक गोळ्यांची पाकिटे आणून रोज दोन-तीन खाणे, हे आपल्या समाजात सर्रास चालते. ते का चालते, हेही मला ठाऊक आहे. डॉक्टरांपर्यंत पोहोचण्याची लाज, फी, आणि काही ठिकाणी मिळणारी वागणूक मी स्वतः अनुभवली आहे. परंतु गर्भनिरोधक गोळ्यांत बहुधा एथिनिल इस्ट्राडायोल हे कृत्रिम इस्ट्रोजेन असते, त्याने रक्तात गुठळ्या होण्याचा धोका वाढतो, आणि म्हणूनच या उपचारांसाठी ते वापरू नये असे तज्ज्ञांच्या सूचना सांगतात. तंबाखू ओढणाऱ्यांना हा धोका आणखी जास्त असतो. एकाच पायाची पोटरी सुजून दुखू लागली, एकाएकी धाप लागली किंवा छातीत दुखले, तर घरगुती उपाय न करता लगेच रुग्णालय गाठावे, आणि आपण कोणते हार्मोन घेतो हे तिथल्या डॉक्टरांना न लपवता सांगावे.

दुसऱ्या औषधाबद्दलही दोन शब्द सांगते. स्पायरोनोलॅक्टोनमुळे लघवी जास्त होते, रक्तदाब उतरतो आणि रक्तात पोटॅशियम वाढू शकते. इंदूरच्या मे महिन्यात उन्हातून आल्यावर एकदम उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली, तर तो अशक्तपणा समजून अंगावर काढू नये. बाजारात मिळणाऱ्या कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम असते, ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये, आणि रोज नारळपाणी पिण्याची सवय असेल तर तीही त्यांच्या कानावर घालावी. सायप्रोटेरोन घेणाऱ्यांनी त्याची मात्रा कमीत कमी ठेवण्याबद्दल डॉक्टरांशी बोलावे.

ज्या गोष्टी या उपचारांनी बदलत नाहीत, त्या आधीच माहीत असाव्यात, नाहीतर धीर चुकीच्या ठिकाणी खर्च होतो. फुटलेला आवाज इस्ट्रोजेनने बारीक होत नाही; त्यासाठी आवाजाचा सराव करावा लागतो, आणि तो पहिल्या दिवसापासून सुरू करता येतो. दाढीचे केस थोडे मंदावतात, पण जात नाहीत. त्यासाठी लेझर किंवा इलेक्ट्रोलिसिस (विजेने केसांची मुळे नष्ट करणे) करावे लागते, आणि तेही अनेक बैठकांचे काम आहे. उंची, खांद्यांची हाडे आणि जबडा आहे तसाच राहतो. डोक्याचे केस गळणे पुष्कळदा थांबते, मात्र टक्कल पडलेल्या जागी पूर्वीसारखे केस येतीलच असे नाही. शुक्रजंतू तयार होणे कमी होते आणि ते पुन्हा पूर्ववत होईल याची खात्री नसते, म्हणून पुढे स्वतःचे मूल हवे असण्याची थोडी जरी शक्यता मनात असेल तर उपचारांपूर्वीच शुक्रजंतू साठवण्याविषयी विचारावे. शस्त्रक्रियेने स्तन वाढवून घेण्याची ज्यांना घाई असते, त्यांनी हेही लक्षात घ्यावे की हार्मोनतज्ज्ञांच्या ‘एंडोक्राइन सोसायटी’ या संघटनेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत त्याआधी किमान दोन वर्षे इस्ट्रोजेन घेण्याचा सल्ला आहे, कारण तोवर नैसर्गिक वाढ चालूच असते.

मग मधल्या काळात स्वतःकडे पाहायचे कसे? मी मुलींना सांगते की रोज आरशासमोर छाती चाचपणे सोडून द्या. शिंप्याकडची कापडी टेप घ्या, दर तीन महिन्यांनी एकदा छाती, कंबर आणि नितंब यांची मापे वहीत तारीख घालून लिहा, आणि त्याच खिडकीपाशी, सकाळच्या त्याच उजेडात चेहऱ्याचे एक छायाचित्र काढून ठेवा. एका मुलीने असे वर्षभर केले आणि सगळा वेळ काहीच होत नसल्याचे ती मला सांगत राहिली. वर्षाअखेरीस तिने पहिले आणि शेवटचे छायाचित्र शेजारी शेजारी ठेवले, तेव्हा कितीतरी वेळ ती काही बोललीच नाही, मग गालाच्या हाडाखालच्या भरावावर बोट ठेवून म्हणाली, “हे कधी आलं?” दुसऱ्या कोणाच्या छायाचित्राशी, विशेषतः फोनवर दिसणाऱ्या अनोळखी मुलींच्या छायाचित्रांशी, तुलना करण्यात मात्र काही अर्थ नाही, त्यांचे वय, अंगलट आणि आईकडून आलेली ठेवण तुमची नाही.

घरच्यांना माझी विनंती आहे की मुलीच्या शरीरावर रोज नजर ठेवू नका आणि “अजून काही फरक दिसत नाही” हे वाक्य जेवताना उच्चारू नका. ते तिने स्वतःला दिवसातून अनेकदा ऐकवलेले असते. पूर्वी तिने एकटीने उचललेले गॅसचे सिलिंडर आता तिला जड वाटते, तर त्यात आळस नाही, स्नायू खरोखरच कमी होत असतात. आणि तिला “कुठे गेली होतीस, जेवलीस का” असे विचारण्यासाठी कोणत्याही औषधाचा परिणाम दिसेपर्यंत थांबायची गरज नाही.

पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी रक्ताची तपासणी व्हावी, असे एंडोक्राइन सोसायटीच्या त्याच मार्गदर्शक सूचना सांगतात. तीत इस्ट्राडायोल आणि टेस्टोस्टेरॉन पाहतात, आणि स्पायरोनोलॅक्टोन चालू असेल तर पोटॅशियमही पाहतात. मात्रा वाढवायची की नाही, हा प्रश्न त्या अहवालासह डॉक्टरांसमोर ठेवा. ज्यांची ही तपासणी राहून गेली आहे, त्यांनी या आठवड्यात ती करून घ्यावी. आणि एकटीने जायला संकोच वाटत असेल तर आईला, बहिणीला किंवा एखाद्या मैत्रिणीला सोबत न्यावे. नमस्कार.