त्स्काल्तुबो : ओसाड म्हणवल्या जाणाऱ्या इमारतींमध्ये

आज दाखवणार आहे ते सगळे फोटो जॉर्जिया देशातले, कॉकेशसच्या डोंगरांमधले आहेत. आपल्याकडची बरीच मुलं तिथे डॉक्टरी शिकायला जातात, त्यामुळे तिबिलिसी आणि कुताइसी ही नावं तुमच्यापैकी काहींच्या घरात रोज निघत असतील. आम्ही तिबिलिसीहून भाड्याची गाडी घेऊन पश्चिमेला निघालो. गोरी मागे पडलं की पुढे रिकोतीचा घाट लागतो. तो उतरताना श्रोशा गावापाशी रस्त्याकडेला लाल मातीची भांडी विकायला मांडलेली असतात. कुताइसीपासून त्स्काल्तुबो दहाएक किलोमीटर. पडक्या इमारतींचे फोटो काढणारे लोक जगभरातून येतात ते या गावात.

इथे जमिनीतून 33 ते 35 अंश तापमानाचं पाणी येतं. अंगाला सोसेल इतकंच कोमट, त्यामुळे तापवायलाही नको आणि निववायलाही नको. या पाण्यात रेडॉन हा किरणोत्सारी वायू असतो आणि उपचार त्याचाच मानला जाई. तो चार दिवसांच्या आत निम्मा होतो, म्हणून हे पाणी बाटलीत भरून मॉस्कोला नेण्यात अर्थ नव्हता. माणसांनाच इथे यावं लागे. 1931 साली सोव्हिएत सरकारने या गावाला अधिकृत उपचारकेंद्र ठरवलं आणि पुढच्या काही दशकांत मधोमध बाग, बागेत स्नानगृहं आणि भोवतीच्या उतारांवर आरोग्यधामं असं अख्खं गाव उभं राहिलं. खाणकामगारांसाठी ‘शाख्तिओरी’, धातुकामगारांसाठी ‘मेतालुर्गी’. कामगार संघटनेमार्फत चिठ्ठी मिळायची, मॉस्कोहून थेट रेल्वे यायची. सहा नंबरच्या स्नानगृहाच्या दर्शनी भागावर स्टालिनचं कोरीव शिल्प अजून शाबूत आहे आणि आत उपचारही चालू आहेत.

आता ही स्लाइड बघा. ‘मेदेआ’ आरोग्यधाम. रुंद जिना, वर खांबांची रांग, आणि खांबांमधून उगवलेली झाडं. हा फोटो तुम्ही कुठे ना कुठे पाहिला असणार. मीही तो काढला, आणि सकाळच्या तिरप्या उन्हात तो फार देखणा येतो. पण बहुतेक वेळा त्याखाली लिहिलेलं असतं की सोव्हिएत संघ कोसळला, पाहुणे गेले आणि इमारती ओस पडल्या. इथे माझी हरकत आहे.

पाहुणे गेले हे खरं. पण 1992-93 मध्ये जॉर्जियाच्या वायव्येकडच्या अबखाझिया प्रदेशात युद्ध झालं. सप्टेंबर 1993 मध्ये तिथली राजधानी सुखुमी फुटीर अबखाझ फौजांच्या हाती पडली आणि दोन लाखांहून अधिक जॉर्जियन माणसांना घरदार सोडून पळावं लागलं. त्यातल्या हजारोंना त्स्काल्तुबोच्या या आरोग्यधामांत आणून ठेवलं. काही दिवसांसाठी म्हणून. तिथे मुलं जन्मली, शाळेत गेली, त्यांची लग्नं झाली. इमारती ओस पडल्याच नव्हत्या. एकेका खोलीत एकेक कुटुंब नांदत होतं.

ही गोष्ट भिंतींवर उघड लिहिलेली आहे, फक्त कॅमेरा कुठे रोखायचा ते कळायला हवं. या खिडकीच्या काचेच्या जागी पत्रा आहे आणि पत्र्याला गोल भोक. ते चुलीच्या धुराड्यासाठी पाडलेलं. ही बाल्कनी विटांनी बंद केलीय, कारण घरात माणसं वाढली होती. या दालनातली लाकडी फरशी उखडलेली दिसते. काही ठिकाणी ती थंडीत जळणाला गेली. कठडे, नळ, तारा भंगारात गेल्या. हे सगळं ‘काळाने’ केलं असं म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. गरजेपोटी माणसांनी केलं, आणि का केलं ते फोटोत दिसलंच पाहिजे.

एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर दोरीवर कपडे वाळत होते. आम्ही जिन्यातच थांबून हाक मारली. एक आजी बाहेर आल्या, मोडक्यातोडक्या रशियनमध्ये आमचं बोलणं झालं. त्या सुखुमीजवळच्या. त्यांनी आत बसवून कॉफी दिली आणि तिकडच्या अंगणातल्या मँडरिन संत्र्यांबद्दल बराच वेळ बोलत राहिल्या. त्यांनी स्वतःचा फोटो नको म्हटलं, तो काढला नाही. खोलीचा काढू दिला. माझ्या मते या सगळ्या प्रवासातला तोच सर्वांत महत्त्वाचा फोटो आहे: पलंग, देवाची तसबीर, आणि वर छताला आरोग्यधामाच्या काळातली नक्षी.

तंत्राचं थोडक्यात सांगतो. आत काळोख आणि खिडकीत लख्ख ऊन, त्यामुळे ट्रायपॉड हवाच. कमी-जास्त एक्स्पोजरचे तीन-चार फोटो घेऊन नंतर जोडा. पण रंग भडक करू नका. बुरशीला सणाचे रंग चढले की खोलीत राहिलेल्या माणसाची आपण थट्टा करतो. जिन्याच्या कडेने चाला, लिफ्टच्या उघड्या खड्ड्यांपासून लांब राहा, आणि एकट्याने आत जाऊ नका.

आता यातली बरीच कुटुंबं सरकारने बांधलेल्या नव्या फ्लॅटमध्ये गेली आहेत आणि 2022 साली आरोग्यधामं गुंतवणूकदारांना विकायला काढली गेली. या शेवटच्या काही स्लाइड त्या नव्या वसाहतीच्या आहेत. साध्या चौकोनी इमारती, खाली सायकली. त्यांच्यासाठी कोणी गाडी थांबवत नाही. प्रदर्शनासाठी निवड करताना हे फोटो वगळावेत असं मला सुचवलं गेलं होतं. मी ते ‘मेदेआ’च्या शेजारीच लावले, त्याच आकारात.